साहेब आले आणि आम्ही उठलो नाही

मनवा, जरा जवळ ये. म्हणजे तो फोन बाजूला ठेव, हे कागद मांडीवर घे आणि वाच. एवढी जवळ आलीस तरी पुष्कळ झालं. दिवाळीत तुझ्या पुण्याच्या मैत्रिणी आल्या होत्या, चिवड्याच्या ताटल्या घेऊन ओट्यावर बसल्या होत्या, आणि त्यातल्या त्या चष्मेवाल्या गोड पोरीनं मला विचारलं, "आजी, तुमचं शिक्षण काय?" मी तोंड उघडायच्या आत तू उत्तर देऊन मोकळी! "आजी तशी काही शिकलेली नाहीये गं, घरी बसून मोटारी दुरुस्त करायची." अगं बये, तशी म्हणजे कशी? मी तेव्हा काही बोलले नाही, कारण कढईत चकल्या होत्या आणि तेल तापलेलं होतं. पण ते मला लागलं. तुझ्यावर रागावलेय मी, हे आधीच सांगते, आणि रागावलेय म्हणूनच लिहायला बसलेय. मी शिकलेली आहे. माझी आई, तुझी पणजी, तीसुद्धा शिकलेली होती. आम्ही मायलेकी एकाच वर्गात, एकाच सतरंजीवर बसून शिकलो. त्याचा एकही कागद आमच्या घरात नाही. तो हरवलेला नाही बरं का. तो आम्ही घेतलाच नाही.

तुम्ही पोरी गंगापूर रोडला त्या काचेच्या दुकानात कॉफी प्यायला जाता ना, त्याच्या मागच्या अंगाला तेव्हा द्राक्षाच्या बागा होत्या. एका बागेच्या कडेला बागायतदारानं दिलेल्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. आई बागेत काम करायची, मीही सुट्टीत आणि शाळा संपल्यावर रोजच. माझे वडील, बापू, इगतपुरीला रेल्वेत पॉइंट्समन होते, म्हणजे गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारे. ड्युटी संपवून दोन-तीन दिवसांनी घरी यायचे ते ओलेच. इगतपुरीच्या पावसात त्यांचे शर्ट कधी वाळायचेच नाहीत. पिशवी उघडली की घरभर कुबट वास, आणि त्याच पिशवीत खाली तिकडचा वासाचा तांदूळ. एकाच पिशवीतून दोन वास यायचे आणि आई म्हणायची, "आले तुझे बापू, निम्मे भिजलेले, निम्मे शिजलेले." ती नांदगावकडची. तिच्या हातची कळण्याची भाकरी, उडीद आणि ज्वारी एकत्र दळलेली, त्यावर तेल आणि लाल मिरचीचा ठेचा. मला आता दातांमुळे ती चावत नाही, पण नुसती आठवली तरी तोंडाला पाणी सुटतं.

आणि आवाज कसला, तर मोटारीचा. मोटार म्हणजे तुझी चारचाकी नव्हे, विहिरीवरची, पाणी उपसायची. आमच्या भिंतीपलीकडेच विहीर. वीज आली की मोटार सुरू व्हायची आणि तिच्या घुमण्यावर आमचा दिवस चालायचा. आई भाकरी थापता थापता हात थांबवायची आणि कान द्यायची. "आज हिचं काहीतरी बिनसलंय गं शैले. घशात अडकल्यावानी करतीय." मला काही कळायचं नाही. पण दोन-चार दिवसांत मोटार जळायची, मग जुन्या नाशकातून शेख मास्तर सायकलवरून यायचे. मोटार दुरुस्तीचं त्यांचं दुकान होतं. पांढरी दाढी, सायकलच्या कॅरिअरला बांधलेली पेटी, आणि आल्याबरोबर मोटारीला हात लावायच्या आधी एक विडी.

एकदा त्यांनी ती मोटार विहिरीजवळच उघडली. आई धुण्याची बादली घेऊन तिथूनच चालली होती. ती थबकली. आत तांब्याची तार, वेटोळ्यावर वेटोळं, खाचांमध्ये बसवलेली, जळून काळी पडलेली. आई बादली खाली ठेवून म्हणाली, "अगं बाई, हिच्या पोटात वेणीच घातलीय की!"

मास्तर हसले. "वेणीच आहे ताई. फक्त ही सैल घातली ना, तर पाणी बंद."

"मला येईल का अशी घालता?"

मास्तरांनी विडी विझवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांना वाटलं असणार बाई थट्टा करतेय. पण आईच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. मग ते म्हणाले, "तिकडे कॉलेजच्या मागे शेड आहे. संध्याकाळी मी शिकवतो. परीक्षा नाही, मार्क नाहीत, कुणीही यावं. पोरं येत नाहीत, त्यांना मार्क लागतात. तुम्ही या."

झालं. दुसऱ्या दिवशी आई गेली, आणि एकटी कशी जाऊ म्हणून मला ओढत घेऊन गेली. मी दहावी झाले होते कशीबशी आणि पुढं काय याचा घरात कुणाला पत्ता नव्हता.

तो वर्ग कसा चालायचा हे तुला समजावून सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कॉलेज एका शिक्षणसंस्थेचं होतं. दिवसा त्यात पदवीची पोरं. संध्याकाळी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचा वर्ग. शेड आणि दिवे संस्थेचे. मास्तरांचं मानधन आणि तांब्याची तार सरकारी अनुदानातून यायची. जळक्या मोटारी मास्तर ओळखीच्या शेतकऱ्यांकडून मागून आणायचे, आणि बाकीचं आम्ही बायका. सतरंजी माझ्या घरची, माठ कुणाच्या तरी घरचा, खाचांमध्ये तार दाबून धरायला बांबूच्या पट्ट्या लागतात त्या हिराबाईच्या. हिराबाई पेठकडची, डोंगरातली. नवऱ्याबरोबर बांधकामावर कामाला म्हणून आली आणि इथंच राहिली. विळ्यानं बांबू असा सोलायची की काकडी सोलतेय असं वाटावं. तोंड मात्र विळ्यापेक्षा धारदार. असा तो चार बाजूंनी चार हातांनी धरलेला वर्ग होता. एक हात सुटला असता तरी पडला असता.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी फर्मान काढलं, हातात बांगड्या नकोत. तांब्याच्या तारेवर एक पातळ मुलामा असतो, बांगडीचा नुसता ओरखडा गेला तरी तो निघतो आणि मोटार पुन्हा जळते. आता सवाष्ण बायका बांगड्या काढणार? सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. दोघी तर उठल्याच. मास्तर बिचारे गोरेमोरे झाले. मग आईनं कमरेचा रुमाल काढला, बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि वरून रुमाल घट्ट आवळला. "आता वाजतायत का बघा मास्तर." तेव्हापासून तीच रीत पडली. आलं की आधी बांगड्या बांधायच्या. जोवर किणकिण चालू तोवर गप्पा, सुनांच्या, सासवांच्या, रेशनच्या साखरेच्या. शेवटची बांगडी बांधली गेली की शेड एकदम शांत व्हायची, आणि त्या शांततेत फर्म्याची मूठ फिरल्याचा खर्रर्र आवाज. फर्मा म्हणजे लाकडी साचा, मूठ फिरवली की त्यावर तार गुंडाळत जाते. वॉर्निशचा वास नाकात बसायचा. अजूनही कुठं दाराला वॉर्निश लावलेलं असलं की मी उगीच दोन मिनिटं तिथं उभी राहते.

आणि मास्तरांची शिकवायची तऱ्हा. कुणाची कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, बिघडली तर ते कधी सांगायचे नाहीत काय बिघडलं. समोर उकिडवे बसायचे आणि विचारायचे, "सोचो ताई. कुठं चुकलं, तुम्हीच सांगा." आई विचार करायची. कपाळाला आठ्या घालून, ओठ चावून, पाच-पाच मिनिटं. मी तिला घरात असा विचार करताना कधी पाहिलंच नव्हतं. घरात तिला कुणी वेळच दिला नव्हता.

एके दिवशी मास्तर आले ते घाबरेघुबरे. अनुदान देणाऱ्या खात्याचे साहेब वर्ग बघायला येणार होते. "नीट करा सगळं," एवढंच ते म्हणाले आणि तार आणायला गेले. बस्स, तिथंच घात झाला. आता तू सांग, साहेब आपल्याकडे येणार आणि नीट करा, म्हणजे बायका काय करतील? आम्ही शेड शेणानं सारवली. दारात रांगोळी, दाराला आंब्याचा डहाळा. पसारा दिसायला नको म्हणून जळक्या मोटारी भिंतीकडे सरकवून त्यांच्यावर चादरी घातल्या. फर्मे आणि तारेची बंडलं पोत्यात भरून मागे ठेवली. हिराबाईनं कुठून तरी टेबल पैदा केलं आणि त्यावर आईची धुवट साडी अंथरली. आईनं शिरा केला, तूप सुटेपर्यंत भाजलेला, वर बेदाणे बागेतलेच. सगळ्याजणी ठेवणीतली लुगडी नेसून, हातभर बांगड्या घालून ओळीनं उभ्या. वर्ग कमी दिसायला नको म्हणून गल्लीतल्या शेजारणीही आणल्या.

मास्तर तार घेऊन आले आणि दारातच उभे राहिले. "या अल्ला! मशीन कुठंय?"

"झाकून ठेवलंय ना मास्तर," हिराबाई म्हणाली. "पाव्हण्यासमोर पसारा बरा दिसतो का?"

मास्तरांनी कपाळावर हात मारला तोवर साहेबांची जीप आलीच. साहेब भला माणूस, चष्मा, हातात कातडी बॅग. आईनं ओवाळलं, सगळ्या वाकल्या, आग्रह करकरून शिरा वाढला. ते इकडेतिकडे बघत होते. "वर्ग कुठं भरतो?" त्यांनी विचारलं. "इथंच की साहेब, तुम्ही घ्या ना अजून थोडा," आई म्हणाली. त्यांनी घड्याळ पाहिलं, हात धुतले, नमस्कार केला आणि गेले. आम्ही खूश! दिवस कसा छान पार पडला म्हणून उरलेला शिरा आम्हीच खाल्ला.

पंधरवड्यानं संस्थेच्या चिटणीसांनी मला बोलावलं. फक्त मला. धोतर, कडक इस्त्रीचा कोट, समोर चहाचा कप. ते म्हणाले, "साहेबांनी कळवलंय की त्यांना तिथं वर्ग दिसला नाही, हळदीकुंकू दिसलं. अनुदान बंद होईल. पण मी मार्ग काढलाय. दिवाळीनंतर त्याच शेडमध्ये, त्याच वेळेला रीतसर अभ्यासक्रम सुरू करतो. परीक्षा, मार्क, सरकारी प्रमाणपत्र. दहावी पास असलेल्यांनाच प्रवेश. तू दहावी आहेस. पहिलं नाव तुझं घालतो."

"आणि आई?"

"त्यांना सहीसुद्धा येत नाही."

"हिराबाई?"

"हे बघ मुली," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "त्या बायकांना हळदीकुंकू करायला शेडच कशाला हवी? तुझं यात भलं आहे. मार्क नसलेलं शिक्षण म्हणजे नुसता वेळ घालवणं."

मला त्या वेळी नक्की काय झालं सांगता येणार नाही. मी मोठ्या माणसासमोर मान वर करून बोलणारी पोर नव्हते. पण त्या मऊ आवाजानं माझं डोकं सणकलं. ओरडले असते तर कदाचित मी रडून परत आले असते. मी म्हटलं, "आईला घेता का?"

"नाही घेता येणार."

"मग माझं नाव घालू नका."

त्यांनी कप खाली ठेवला. "घरी विचार आधी. वडलांना विचार."

वडलांना विचारायची गरजच पडली नाही, ती बातमी इगतपुरीपर्यंत माझ्याआधी पोचली होती. रविवारी बापू आले ते पिशवी न ठेवताच बोलायला लागले. "सरकारी कागद मिळतोय आणि तू नाही म्हणालीस?"

"आईला काढतायत बापू."

"तिला काय करायचंय? तिचं आयुष्य गेलं. शैले, मला सायडिंगला का लावून ठेवलंय माहितीय तुला? माझ्या हाताखाली शिकलेलं पोरगं कागद दाखवून पुढं निघून गेलं. मी त्याला सिग्नल देतो. त्याला! रोज!" त्यांचा आवाज चिरकला. मी बापूंना तसं कधी पाहिलं नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते, हेच वाईट होतं.

आई चुलीपाशी होती. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. पण ती भाकरी उलटत म्हणाली, "ते म्हणतात ते बरोबर हाय. घे तू. माझं काय, मी आपली भिंतीआडून आवाज ऐकीन."

भिंतीआडून आवाज ऐकीन! मनवा, आज इतकी वर्षं झाली, तिचं ते वाक्य मी विसरलेले नाही. माझी आई पुन्हा भिंतीच्या पलीकडे जाऊन बसायला तयार झाली होती, आणि तेही माझ्यासाठी. मी ताटावरून उठले आणि म्हटलं, "कळण्याच्या भाकरीची शपथ, मी नाही घेणार." बापूंना त्याही परिस्थितीत हसू आलं, कसली ही शपथ म्हणून. पण मी बदलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि हिराबाई खात्याच्या कचेरीत जाऊन बसलो. शिपायानं दोनदा हाकललं, हिराबाई दोन्ही वेळा जागची हलली नाही. "तू उचलून ने मला," ती त्याला म्हणाली. तो तिच्याकडे बघून परत स्टुलावर बसला. शेवटी साहेबच बाहेर आले. त्यांनी ओळखलं. "तुम्ही त्या शिऱ्याच्या ना?"

"तोच चुकला साहेब," मी म्हटलं.

"छान होता की."

"छान होता म्हणूनच चुकला. तुम्हाला आम्ही पाव्हणे समजलो. मशीन झाकलं, काम लपवलं. आम्ही काय करतो ते तुम्ही पाहिलंच नाही. पुन्हा या. कधी येणार ते कळवू नका. आणि आलात तर आम्ही कुणी उठणार नाही, राग मानू नका."

साहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे या वेळी शिरा नाही?"

"पाणीबी नाय," हिराबाई म्हणाली.

"येईन असा शब्द देत नाही," एवढं बोलून ते आत गेले.

वर्गात येऊन सांगितलं तर निम्म्या बायकांचे चेहरे उतरले. सगळ्यात जास्त आईचा. "दारात आलेल्या माणसाला या म्हणायचं नाय? पाणी द्यायचं नाय? मला नाय जमायचं बाई ते. मी त्या दिवशी येतच नाय."

"तो कोणत्या दिवशी येणार तेच कुणाला ठाव नाय," हिराबाई म्हणाली. "अन् बाई, दार आपलं कुठंय? दार चिटणिसाचं. आपला फक्त वर्ग हाय. वर्गात कोणी पाव्हणा नसतो."

रोज आम्ही बांगड्या बांधायचो आणि कान दाराकडे ठेवायचो. दिवाळी जवळ येत चालली. आज आले नाहीत, उद्याही नाही. मग आम्ही वाट बघायचं विसरलो, आणि नेमके तेव्हा साहेब आले.

जीप नव्हती, पायीच. मी फर्मा फिरवत होते. समोर आई एका मोटारीत शेवटची कॉइल बसवत होती. ते काम असं की सगळ्या तारा एका हातानं खाचेत दाबून धरायच्या आणि दुसऱ्या हातानं बांबूची पट्टी सरकवायची. दाबलेला हात सुटला की तारा उसळून वर येतात, सगळं पहिल्यापासून. दारात सावली पडली. मी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. माझी मूठ फिरायची थांबली नाही. मास्तर सवयीनं निम्मे उठले. त्यांचं मानधनच त्या माणसाच्या हातात होतं, मनवा, आणि घरात खाणारी सहा तोंडं. हिराबाई नुसती खाकरली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि खाली बसले. हळूच, पण बसले. त्या बसण्याला मी आजही मनातल्या मनात सलाम करते.

साहेब आत आले. बसायला एकच खुर्ची, तिच्यावर वॉर्निश लावलेली मोटार वाळत ठेवलेली. कुणी ती उचलली नाही. ते उभे. वॉर्निशनं त्यांना खोकला आला. कुणी पाणी आणलं नाही. ते सतरंजीच्या कडेकडेनं चालले, एकेकीच्या मागे थांबत. बांगड्या बांधलेल्या, शेडमध्ये फक्त खर्रर्र. मी चोरून आईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक. ओठ हलत होते, "अहो, निदान बसा तरी..." आणि तिच्या शेजारून हिराबाई दातांतल्या दातांत, "गप ऱ्हा. पट्टी सरकव."

साहेब नेमके आईपाशीच थांबले. वाकून बघायला लागले. "बाई, तुमचं शिक्षण किती?"

"शाळेत नाय गेले."

"मग हे शिकून काय मिळणार तुम्हाला? परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही."

मला वाटलं आता आई गळाठणार. तिनं अंगठ्याखालच्या तारा अजून घट्ट दाबल्या. मग मान वर न करता बोलली, "साहेब, घरात मला सगळे विचारतात जेवायला काय हाय. जन्म गेला, तेच विचारतात. इथं मास्तर मला विचारतात, ताई, कुठं चुकलं, तुम्हीच सांगा. मग मी विचार करते." ती जरा थांबली. "अन् मला सापडतं."

साहेब अजून खाली वाकले. पुन्हा खोकला आला, आता जोराचा, डोळ्यांत पाणी. "थोडं पाणी मिळेल का?" त्यांनी विचारलं. विचारलं ते आईलाच.

सगळे फर्मे थांबले. माझाही. जन्मभर जिनं दारावरच्या भिकाऱ्यालासुद्धा आधी पाणी दिलं, ती बाई. तिचा खांदा हलला, मी पाहिलं. उठणार ही. तिनं खाचेतल्या तारांकडे पाहिलं, दाबून धरलेल्या स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "माठ कोपऱ्यात हाय साहेब. हात सोडला तर माझी कॉइल उसळंल. घ्या तुमचं तुम्ही."

साहेब गेले कोपऱ्यात. झाकण काढलं, ओगराळं बुडवलं, उभ्यानंच प्याले. झाकण परत नीट ठेवलं. मग दारापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि जाताना मास्तरांना म्हणाले, "चालू द्या." तेवढंच. आईनं पट्टी आत सरकवली, अंगठा सोडला, आणि मग पदरात तोंड घालून रडली. "पाव्हण्याला पाणी नाय दिलं गं मी," म्हणून रडली. हिराबाई तिच्या पाठीवर थापट्या मारत, "त्यानं प्यालं की. तुझ्यापरीस नीट झाकण ठेवलं."

अनुदान राहिलं. चिटणीसांना त्यांचा प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम दिवसा, पुढच्या इमारतीत सुरू करावा लागला, संध्याकाळची शेड आमची आमच्याकडे राहिली. त्यांनी मला पुन्हा विचारलं, दिवसा तरी ये. मी गेले नाही. जे मला संध्याकाळी आईशेजारी बसून येतच होतं, ते कागदासाठी दुपारी परत शिकायला माझं मन तयार होईना. तू म्हणशील, हा हट्ट झाला. झाला तर झाला. त्याची किंमतही पडली. सातपूरच्या एका कारखान्यात मला दारावरूनच परत पाठवलं, कागद नाही म्हणून. तेव्हा बापूंनी मला काही ऐकवलं नाही, नुसता उसासा टाकला, ते जास्त बोचलं. मग आम्ही मायलेकींनी पुढच्या खोलीत फर्मा मांडला. ही तुझी "घरी बसून". गंगापूर धरणापासून ते ओझरपर्यंत विहिरींवर आमच्या हातच्या वेण्या फिरल्या आहेत. आणि एका रविवारी बापू इगतपुरीहून आले, आई कॉइल बसवत होती, त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "जेवायला काय आहे?" आई म्हणाली, "हात सोडता येत नाय. फडताळात बघा." बापूंनी तिच्या अंगठ्याकडे पाहिलं, ओला शर्ट दोरीवर टाकला, आणि स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं. तिच्यासाठीही एक भाकरी काढून ठेवली.

आता सगळीकडे वर्ग निघालेत, कौशल्याचे म्हणे. शेवटच्या दिवशी फोटोसकट कागद हातात, आणि पुढच्या दिवशी त्या पोरीला विचारावं तर हात चालत नाही. कागद वाईट असं मी म्हणत नाही, तुझ्या भिंतीवर तुझे लावलेत ते बघून मला बरंच वाटतं. पण ज्या वर्गात मार्क नाहीत त्याला वर्ग न म्हणणाऱ्यांशी माझं भांडण तेव्हाही होतं, अजूनही आहे. म्हणून तर माझ्याकडे संध्याकाळी गल्लीतल्या पाच-सहा जणी येतात. पंखे, मिक्सर, जे जळलं असेल ते घेऊन. मी फी घेत नाही, परीक्षा घेत नाही. सतरंजी माझी, दिवे माझे, जळके मिक्सर त्यांचे. फक्त समोर बसते आणि विचारते, सांग बाई, कुठं चुकलं.

तेव्हा तू आता ये. लवकर ये, डोळे आहेत तोवर ये. फक्त कळवून येऊ नकोस. कळवलंस की मी फर्मा झाकून शिरा करायला घेईन, ती खोड अजून गेलेली नाही. अशीच ये, संध्याकाळच्या वेळी. मी उठले नाही तर रुसू नकोस. माठ इथंही कोपऱ्यातच आहे, पाणी घे, झाकण नीट ठेव. मनगटावरचं ते घड्याळ काढ आणि माझ्यासमोर सतरंजीवर बस. तारेचं दुसरं टोक धरायला मला कुणीतरी हवंच आहे.